भाट्ये किनाऱ्यावरील चाळिशीपुढची रग्बी : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १ डिसेंबर २०२४, कार्तिक अमावास्या

आज रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर पहिला सराव झाला. अकरा जण आले होते. त्यांत सर्वांत धाकटे ४१ वर्षांचे वायरमन आणि सर्वांत मोठे ५९ वर्षांचे मिरकरवाडा बंदरातले तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख), ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात. मी स्वतः ५४ वर्षांचा आहे. मुंबईत नोकरीला असताना सात-आठ वर्षे मी हौशी संघातून फ्लँकरच्या, म्हणजे पुढच्या आठांतल्या कडेच्या खेळाडूच्या, जागेवर खेळलो. त्या शहरात रग्बीचा हंगाम पावसाळ्यात असतो, कारण मैदान भिजून मऊ झाल्यावरच तिथे पडणे अंगाला सोसते. रत्नागिरीला परतल्यावर तेवीस वर्षे चेंडूला हात लागला नव्हता. ज्यांची चाळिशी किंवा पन्नाशी उलटली आहे, अशा माणसांना हा खेळ आनंदाने आणि धडपणे खेळता येतो का, आणि येत असेल तर त्यातले काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे, याचा लेखी हिशेब राहावा म्हणून या नोंदी ठेवायला घेतल्या आहेत.

मैदानाचा प्रश्न पहिल्याच दिवशी मामांनी सोडवला. गावातल्या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी आणि उघडी पडलेली जांभ्याची जमीन आहे, तिच्यावर कोणी पडला तर गुडघा सोलल्याशिवाय राहणार नाही. भाट्याची वाळू रुंद आणि लांब आहे, पण तिथे मैदान आपल्याला समुद्र देतो आणि तोच परत घेतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमाराला. चतुर्थीला भरती तीनला आणि अष्टमीला थेट सहाला. मुंबईच्या मानाने आमच्याकडचे पाणी आधी भरते, तेवढी वजाबाकी मामा मनातल्या मनात करतात. याचा अर्थ असा की अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी संध्याकाळी आम्हाला ओल्या, घट्ट वाळूचा चांगला रुंद पट्टा मिळतो, आणि अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सुरूबनापर्यंत पाणीच असते. म्हणून सरावाचे वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवर न बांधता तिथीवर बांधायचे ठरले. जगात इतरत्र रग्बीच्या सरावाला पंचांग लागत असेल असे वाटत नाही, परंतु आमच्याकडे ते चेंडूच्या पिशवीतच ठेवलेले आहे.

आज प्रत्यक्ष खेळ झाला नाही. सर्वांनी हातभर अंतराने एका रांगेत चालून वाळू तपासली आणि काचा, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, एक गंजलेला गळ अशा वस्तू उचलल्या. त्यानंतर फक्त चेंडू फेकणे आणि झेलणे.

रविवार, १५ डिसेंबर २०२४, मार्गशीर्ष पौर्णिमा

आज पासची ओळख झाली, आणि ही नोंद मी सविस्तर लिहितो आहे, कारण माझ्या मते या खेळाचा जीव इथेच आहे.

रग्बीत चेंडू घेऊन पुढे धावता येते, पायाने तो पुढे मारता येतो, पण हाताने मात्र तो पुढे देता येत नाही. द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. हा नियम सांगायला एक वाक्य पुरते, अंगात मुरायला महिने लागतात. कोकणात कबड्डी न खेळलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळे स्पर्श, हुलकावणी, मध्यरेषा या गोष्टी आमच्या मंडळींना शिकवाव्या लागल्या नाहीत. परंतु कबड्डीत चढाई करणारा एकटा असतो. समोर सात जण दिसले की त्याचे सगळे लक्ष त्या सातांवर असते, पाठीमागे कोण आहे हे त्याने पाहायचे कारणच नसते. शिरगावचे मास्तर, जे तरुणपणी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळले आहेत, आज पाच वेळा मोकळे सुटले आणि पाचही वेळा चेंडू घेऊन एकटेच अडकले. सहाव्या वेळी मी त्यांच्या मागून ‘मास्तर, उजवीकडे आहे’ असे ओरडलो, तेव्हा त्यांनी न पाहता चेंडू बाजूला सोडला आणि तो बरोबर माझ्या छातीशी आला. त्यानंतर ते थांबून म्हणाले, ‘म्हणजे धावणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्याने बोलत राहायला हवे.’ मला सात वर्षांत कोणी इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

मामांचे हात पाहण्यासारखे आहेत. चेंडू २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि साधारण ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा असतो, दोन्ही टोकांना निमुळता, त्यामुळे नवखा माणूस तो बोटांच्या चिमटीत धरायला जातो आणि ओला झाल्यावर तो साबणासारखा सुटतो. मामांनी मात्र पहिल्यापासून तळवे मोकळे ठेवले, बोटे फाकली आणि कोपर सैल सोडून चेंडू अंगाकडे येऊ दिला. होडीवरून फेकलेली बर्फाची पाटी ज्या पद्धतीने झेलतात, ती हीच पद्धत आहे असे त्यांनी सांगितले. त्यांच्या उजव्या तर्जनीचे पेर जाळ्याच्या दोरात सापडून वाकडे झालेले आहे, आणि त्या वाकड्या पेरामुळे चेंडू सुटताना थोडासा फिरतो. ज्या फिरकीसाठी मुंबईत आम्ही तासन्‌तास घाम गाळत होतो, ती त्यांना दोराने दिली आहे.

चेंडू जालंधरहून मागवलेले आहेत. हवेचा दाब नियमानुसार साडेनऊ ते दहा पौंड असावा लागतो. आम्ही आठच ठेवला, म्हणजे ज्यांच्या बोटांच्या सांध्यांत कळ येते त्यांना झेलणे सोपे जाते.

बुधवार, २५ डिसेंबर २०२४

सुट्टी असल्याने नियम ठरवण्यासाठी बागायतदार भाऊंच्या पडवीत बैठक झाली. मोहोर येऊ लागल्यामुळे त्यांची फवारणीची गडबड चालू आहे, तरी त्यांनी दोन तास दिले.

काय सोडायचे याचा निर्णय आधी झाला. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणे, पूर्णपणे सोडला. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी जुंपून चेंडूसाठी एकमेकांना रेटणे, तोसुद्धा सोडला, आणि तो सोडताना मला मनापासून वाईट वाटले, कारण आठ माणसांनी खांद्याला खांदा लावून एकाच श्वासात रेटा देण्यासारखा अनुभव दुसऱ्या खेळात नाही. परंतु स्क्रमच्या पहिल्या फळीत सगळा भार मानेवर येतो, आणि पन्नाशीला आलेल्या मानेच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या असतात. आमच्यातल्या तिघांना मानेचा पट्टा लावावा लागलेला आहे. ट्राय करताना, म्हणजे समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवताना, झेप घेऊन आडवे पडणेही बंद; वाकून चेंडू हाताने वाळूवर टेकवला की ट्राय मानायचा, म्हणजे खांदा वाचतो.

उरला तो स्पर्शाचा खेळ, ज्याला टच म्हणतात. हा प्रकार १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, सिडनीमध्ये, रग्बी लीग या रग्बीच्या एका प्रकारातल्या खेळाडूंच्या सरावातून रूढ झाला. चेंडूवाल्याला स्पर्श झाला की त्याने तिथेच चेंडू जमिनीवर ठेवून पायाखालून मागे सोडायचा, बचाव करणाऱ्यांनी मागे हटायचे, आणि सहाव्या स्पर्शानंतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जायचा. कमरेला लावलेल्या पट्ट्या ओढून काढण्याचा दुसराही एक प्रकार आहे, ज्यात स्पर्श झाला की नाही यावर वाद होत नाही. शाळेत तो चांगला चालतो, असे शारीरिक शिक्षणाच्या बाईंचे म्हणणे पडले. त्यावर वायरमन म्हणाले की पट्टी धरायला दर वेळी कमरेत वाकावे लागेल, आणि ज्यांची कंबर धरते त्यांचे काय? हा मुद्दा सर्वांना पटला. दोन्ही हातांनी, खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, ढकलल्याशिवाय स्पर्श, असा नियम झाला. खेळाच्या मूळ नियमात एका हाताचा स्पर्शही चालतो. आम्ही दोन हात ठेवले, कारण दोन्ही हात लावायचे म्हटल्यावर माणसाला अंगाने जवळ पोहोचावे लागते आणि लांबून पाठीवर थाप मारता येत नाही.

मैदान ५० मीटर बाय ३५ मीटर, दर संघात पाच खेळाडू, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. बदली खेळाडूने कोणालाही न विचारता आत यायचे आणि दमलेल्याने हात वर करून बाहेर जायचे.

वयानुसार चड्ड्यांचे रंग ठरवण्याची कल्पना जपानमधली आहे. टोकियोत १९४८ साली चाळिशीपुढच्या खेळाडूंसाठी स्थापन झालेला एक क्लब आहे, त्याचे नाव फुवाकू. चाळिसाव्या वर्षी मनातले संभ्रम संपले, असे कन्फ्यूशियसने म्हटल्याचे सांगतात, त्यावरून हे नाव आले. तिथे चाळिशीतल्यांना पांढरी, पन्नाशीतल्यांना गडद निळी, साठीतल्यांना लाल, सत्तरीतल्यांना पिवळी आणि ऐंशीपुढच्यांना जांभळी चड्डी असते. आम्ही ही पद्धत जशीच्या तशी घेतली. रंग पाहिला की समोरच्याला कितपत वेगाने भिडायचे हे तत्काळ कळते, विचारावे लागत नाही. सध्या आमच्याकडे चार पांढऱ्या आणि सात निळ्या लागतील.

बैठक संपता संपता मास्तरांनी विचारले की या खेळाशी आपला कधी काही संबंध आला होता का. योगायोगाने आजचीच तारीख होती. १८७२ साली नाताळच्या दिवशी कोलकात्यात इंग्रजांनी सामना खेळला आणि त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. काही वर्षांत पोलो आणि टेनिसने त्याचे सभासद नेले आणि क्लब बंद पडला. शेवटच्या सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून करंडक घडवला आणि इंग्लंडला पाठवला. नागाच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या करंडकासाठी १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड खेळत आले आहेत. मामांनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘आणि ते रुपये परत कोणी मागितले नाहीत?’ या प्रश्नाचा विचार मी रात्री उशिरापर्यंत करत होतो.

रविवार, १२ जानेवारी २०२५, पौष शुद्ध चतुर्दशी

तपासण्या पूर्ण झाल्या. सर्वांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा अशी अट घातली होती. एकाचा रक्तदाब १६० वर १०० निघाला. त्यांना स्वतःला त्याची काहीच जाणीव नव्हती. डॉक्टरांनी गोळी सुरू करून सहा आठवडे फक्त चालायला सांगितले आहे. या माणसासाठी तरी प्रकल्पाचे सार्थक झाले असे मी मानतो.

नाडीचा हिशेब प्रत्येकाच्या वहीत लिहून दिला. २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा केले की कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. माझ्या बाबतीत तो १७० येतो. डाव संपल्यावर दोन मिनिटांत नाडी खाली आली नाही, तर पुढचा डाव बाहेर बसून काढायचा.

आजचा पहिला सामना चार विरुद्ध तीन ट्राय असा संपला. एक गोष्ट लक्षात आली. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून मैदान पाण्याला समांतर आखले तर एक बाजू कायम खाली राहते आणि धावणाऱ्याचा एक पाय दर पावलाला जास्त वाकतो. आज तिघांचा डावा खुबा दुखला, उजवा कोणाचाच नाही. यापुढे दर डावाला बाजू बदलायची.

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, माघ शुद्ध चतुर्थी

आज चूक झाली आणि ती माझी होती.

मुंबईत माझ्याबरोबर खेळलेले चार जुने मित्र सहकुटुंब आले होते आणि त्यांना संध्याकाळीच वेळ होता. तिथी चतुर्थीची, म्हणजे दुपारी पाणी भरलेले. मामांनी आदल्या दिवशी फोन करून सांगितले, ‘भाऊ, उद्या संध्याकाळी वाळू मिळायची नाही, सकाळी नवाला या.’ मी पाहुण्यांसाठी हट्ट धरला. साडेचारला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा घट्ट पट्टा पाण्याखाली होता आणि सुरूबनाच्या कडेची कोरडी, भुसभुशीत वाळू तेवढी उरली होती. कोरड्या वाळूत धावायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून अधिक शक्ती लागते, कारण पाय रुततो, घसरतो आणि टाचेमागच्या शिरेला जी उसळी परत मिळायची ती वाळूत जिरते. मला हे ठाऊक होते. अंग गरम करण्याचा पंधरा मिनिटांचा भाग मी गप्पांत घालवला. तिसऱ्या डावाच्या सुरुवातीला, मधल्या विश्रांतीत पाय थंड पडलेले असताना, एका मित्राचा पास डाव्या बाजूला आला. समोर मोकळी जागा दिसली आणि मी तेवीस वर्षांपूर्वी उचलत होतो तसे पाऊल उचलले.

कोणीतरी मागून पोटरीवर दगड मारला असे वाटले. मी वळून पाहिले, मागे कोणीच नव्हते. त्यानंतर टाच टेकवता येईना. बागायतदार भाऊ आणि वायरमन यांनी मला दोन्ही बाजूंनी उचलून रस्त्यापर्यंत आणले. मामा चेंडू घेऊन मागून चालत होते, आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

सोनोग्राफीत पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू अर्धवट फाटल्याचे दिसले. टाचेमागची शीर शाबूत आहे. घरी काल गरम तेलाने चोळण्याची तयारी झाली होती. ती फिजिओथेरपिस्ट ताईंनी फोनवरूनच थांबवली, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि मालीश केल्याने आतला रक्तस्राव वाढतो. पट्टी, पाय उंच, बुटात टाचेखाली गादी, आणि तिसऱ्या दिवसापासून दुखण्याच्या आत राहून घोट्याची हालचाल. आठ ते दहा आठवडे खेळ नाही.

ताईंनी केलेला एक प्रश्न इथे लिहून ठेवतो. ‘काका, एका पायावर उभे राहून टाच किती वेळा उचलता येते तुम्हाला?’ चांगल्या पायावर मी चौदावर थांबलो. धडधाकट माणसाकडून पंचवीसची अपेक्षा असते. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे घटत जातात, आणि रोज चालणाऱ्या माणसालाही ते कळत नाही, कारण चालण्याला तेवढी ताकद लागतच नाही. ती लागते पहिल्या झेपेला. म्हणजे पोटरी रविवारी फाटली असली तरी ती कमकुवत होणे गेली वीस वर्षे चालू होते.

रविवार, २ मार्च २०२५, फाल्गुन शुद्ध तृतीया

सकाळी आठला ओहोटीवर सराव. मी शिट्टी घेऊन कडेला उभा राहिलो.

बाहेरून पाहताना मला दोन गोष्टी दिसल्या, ज्या आत असताना दिसल्या नसत्या. पहिली अशी की आमची माणसे वेगाने दमत नाहीत, एकदम थांबण्याने आणि एकदम निघण्याने दमतात. बचावाला पाच पावले मागे हटण्याऐवजी सात केली, तर चेंडूवाल्या संघाला सावकाश निघायला जागा मिळते. हा बदल आजच केला आणि शेवटच्या डावात चेंडू पडण्याचे प्रमाण डोळ्यांदेखत घटले. दुसरी अशी की शारीरिक शिक्षणाच्या बाई आणि परिचारिका वहिनी, ज्या पहिल्यापासून आमच्यात खेळतात, त्या सरळ रेषेत धावतात आणि पुरुष तिरके धावतात. तिरके धावणारा माणूस मागच्याची जागा खातो. एका संघाचे सगळे पास वहिनींच्या आसपास घडत होते, याचे कारण एवढेच.

रोजचा व्यायाम सर्वांना लावून दिला आहे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच उचलणे, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, कारण पोटरीचा वरचा स्नायू पहिल्या प्रकारात काम करतो आणि खालचा दुसऱ्या प्रकारात. त्याशिवाय मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, घोटे कोणीतरी धरून ठेवायचे आणि गुडघ्यावरून हळूहळू पुढे झुकायचे. बागायतदार भाऊ हे ओटीवर करतात आणि त्यांचे घोटे त्यांची सून धरते.

रविवार, १६ मार्च २०२५

शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आहे. सराव नाही. पालखी नाचवणाऱ्यांत आमचे चार जण होते, आणि खांद्यावर पालखी घेऊन त्यांनी ज्या रीतीने एकमेकांची पावले सांभाळली, ते पाहून स्क्रम सोडल्याचे दुःख पुन्हा एकदा झाले.

रविवार, ३० मार्च २०२५, गुढीपाडवा

आठ आठवडे पूर्ण. सकाळी गुढी उभारून संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर गेलो. दुखऱ्या पायावर टाच बावीस वेळा उचलता येते, चांगल्या पायावर सव्वीस. ताईंच्या सांगण्याप्रमाणे आज फक्त चालत खेळायचे होते, म्हणून दोन्ही संघांना विनंती केली की पहिला डाव सर्वांनीच चालत खेळावा. चालत खेळलेली रग्बी वेगळीच असते. धावून निसटण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे स्पर्श होण्याच्या आधी पास देणे एवढाच उपाय उरतो, आणि पाठीमागे दोन माणसे असल्याशिवाय तो देता येत नाही. आठ मिनिटांत एकही पास वाया गेला नाही. मास्तरांनी, जे डिसेंबरात पाच वेळा एकटे अडकले होते, स्पर्श होण्याच्या क्षणी सलग तीनदा न पाहता चेंडू मागे सोडला. यापुढे प्रत्येक सरावाचा पहिला डाव चालत खेळायचा, हे एकमताने ठरले. त्यात अंगही आपोआप गरम होते.

रविवार, १३ एप्रिल २०२५, चैत्र वद्य प्रतिपदा

आंबा उतरवण्याचा हंगाम असल्याने सातच जण. चार विरुद्ध तीन. मी धावलो, साठ टक्के वेगाने, कुठेही कळ नाही. रक्तदाबाच्या गोळीवर असलेले आमचे सहकारी आज पहिल्यांदा पूर्ण चार डाव खेळले.

रविवार, २७ एप्रिल २०२५, चैत्र अमावास्या

हंगामातला सर्वांत चांगला दिवस. तेरा जण, पाण्याची ओढ लांबपर्यंत गेलेली, वाळू चुन्याच्या जमिनीसारखी घट्ट आणि काजळी नदीच्या मुखावरून येणारा वारा.

शेवटच्या डावातला ट्राय जसा घडला तसा लिहितो. आमच्या ट्रायरेषेपासून दहा पावलांवर वहिनींनी चेंडू उचलला आणि सरळ निघाल्या. समोर दोघे आले तेव्हा त्यांनी तो मास्तरांना दिला, मास्तर तीन पावले जाऊन अडखळले, पण पडता पडता त्यांनी चेंडू मागे सोडला आणि तो वायरमनच्या ओंजळीत आला. वायरमन आमच्यात सर्वांत वेगवान आहेत आणि पुढे निव्वळ मोकळी वाळू होती. त्यांनी चार-पाच पावले मारली, आणि मग मागून आवाज आला, ‘डावीकडे आहे रे.’ आवाज मामांचा होता. ते धावत नव्हते, होडीत चालतात तसे गुडघे वाकवून झपाझप येत होते, आणि जिथे पोहोचायला हवे तिथे आधीच पोहोचलेले होते. वायरमनना एकट्याने रेषा गाठता आली असती. त्यांनी पास दिला. मामांनी तो त्या वाकड्या पेराच्या हातात घेतला, रेषेपलीकडे दोन पावले गेले आणि वाकून वाळूवर टेकवला. टेकवल्यावर तळहात थोडा वेळ चेंडूवर तसाच ठेवला.

खेळानंतर सुरूच्या सावलीत कोकम सरबत, उकडलेल्या शेंगा आणि बाईंनी आणलेले घावणे झाले. सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र बसून खाणेपिणे करणे हा या खेळाचा जगभर पाळला जाणारा रिवाज आहे, आणि तो आम्ही पहिल्या दिवसापासून मोडलेला नाही.

रविवार, २५ मे २०२५

हंगाम संपला. चार-पाच दिवस जोराचा पाऊस चालू होता आणि आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले; नेहमीच्या मानाने दहा-बारा दिवस आधी. किनाऱ्यावर लाटा उंच आहेत आणि वाळूचा उतार बदलू लागला आहे. जूनच्या पहिल्या तारखेपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, त्यामुळे मामांना ऐन पावसाळ्यात वेळच वेळ असेल आणि मैदान मात्र नसेल.

हंगामाचा हिशेब असा : चौदा सराव, त्यांपैकी मी सहांत खेळलो. दुखापती तीन, माझी पोटरी, वायरमनच्या करंगळीचा सांधा, आणि मास्तरांचा घोटा, जो बाजू न बदलता खेळलेल्या एका डावात मुरगळला. डोक्याला मार एकालाही नाही. तसा कधी लागल्यास त्या माणसाने त्या दिवशी परत मैदानात उतरायचे नाही आणि किमान २१ दिवस सामना खेळायचा नाही, ही अट पुढच्या हंगामाच्या नियमांत लिहून टाकली आहे.

रविवार, २९ जून २०२५

मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी सेव्हन्सची व्यावसायिक लीग या महिन्यात प्रथमच झाली. काही सामने मास्तरांच्या घरी बसून टीव्हीवर पाहिले. सात-सात जणांचा हा प्रकार २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. परदेशी खेळाडूंचा वेग पाहून सगळे थक्क झाले, परंतु मामांचे लक्ष दुसरीकडे होते. एका खेळाडूने पन्नास मीटर धावून ट्राय केला, तेव्हा पडद्याच्या अगदी कडेला एक जण अखेरपर्यंत त्याच्या मागे धावत आलेला दिसत होता, ज्याला चेंडू कधी मिळालाच नाही. मामांनी बोट दाखवून म्हटले, ‘ह्याला बघा.’

पावसाळ्याचा व्यायाम चालू आहे. टाच उचलणे दोन्ही पायांवर अठ्ठावीस.

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

गणपती झाले, चाकरमानी परतले. त्यांच्यातल्या दोघांनी, वय ४६ आणि ५१, दिवाळीला येताना खेळायचे कबूल केले आहे. तिथी पाहून पहिला सराव रविवार, ५ ऑक्टोबरला ठरवला, आश्विन शुद्ध त्रयोदशी, दुपारी चार. त्याआधी २८ सप्टेंबरला वाळू पाहायला जायचे, कारण पावसाळ्यानंतर किनारा मागच्या जागी असेलच असे नाही.

चेंडू तपासले. पाचांपैकी एकाचा शिवणीतून दम जातो.

मामांनी ऑगस्टमध्ये साठी पूर्ण केली. आज त्यांना घेऊन शिंप्याकडे गेलो. लाल कापडाचे तीन ठाण समोर ठेवले होते, त्यांतले त्यांनी सर्वांत गडद निवडले. कंबर ३६, लांबी गुडघ्याच्या चार बोटे वर, नाडी नको, इलॅस्टिक. शिंप्याने एकच शिवायची का असे विचारल्यावर मामांनी दोन शिवायला सांगितल्या, एक ओली असेल तेव्हा दुसरी हवी.